भिगवणची मासे थाळी : चिलापी मागवा, मरळ राहू द्या

चवीला पाचपैकी साडेचार, भाकरीला पाच, सोलकढीला एक आणि काउंटरवरच्या काचेच्या टाकीला शून्य. सरासरी ज्याची त्याने काढावी.

हॉटेलचं नाव देत नाही. पुणे-सोलापूर हायवेला भिगवणच्या अल्याड-पल्याड मच्छी थाळीच्या पाट्या इतक्या दाटीने लागल्यात की नाव सांगितलं तरी तुम्ही शेजारच्याच दारात गाडी लावणार. शिवाय खाली जी तक्रार लिहिली आहे ती मालकांच्या तोंडावर करून झालीय. त्यांचा धंदा बसवण्यात मला रस नाही. आणि यातलं बरंचसं त्या पट्ट्यातल्या कुठल्याही खानावळीला लागू पडेल.

आधी माझं. मी दौंडकडे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माहेर करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या पलीकडच्या काठाचं, त्यामुळे गोड्या पाण्यातला मासा मला हॉटेलात जाऊन कळला असं नाही. सासर मात्र माळकरी. घरात अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून मासे खायचे ते बाहेरच. नवरा सोबत येतो, पिठलं-भाकरी खातो आणि माझ्या ताटाकडे न बघता बिल देतो. अशा माणसाची सोय होते का, हेही मी बघते. इथे होते. पिठलं बरं होतं म्हणाला, आणि तो एरवी तेवढंही म्हणत नाही.

जानेवारीतला रविवार होता. नणंद आणि तिचे मिस्टर पुण्याहून रोहित पक्षी बघायला आले होते. (नणंद लग्नानंतर पुण्यात मासे खायला लागली. सासूबाई हे वाचत नाहीत या भरवशावर लिहितेय.) सकाळी कुंभारगावला होडीत बसून रोहित पाहिले, पाचशे फोटो काढले आणि साडेबाराला सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

जागेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका बाजूला फॅमिलीसाठी पडदा. पार्किंग ऐसपैस. बाथरूम स्वच्छ, पण कडी लागत नाही, कुणाला तरी दाराशी उभं करावं लागतं. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत रस्त्यावरून जातात. शांतपणे जेवायची हौस असेल तर आतल्या बाजूला बसा.

फळ्यावर थाळ्या लिहिलेल्या : चिलापी २५०, कटला ३००, वाम ४५०, मरळ ५००. शेवटच्या दोन्हींपुढे लाल खडूने 'स्पेशल'. नणंदेचे मिस्टर फळा वाचून लगेच म्हणाले, "एवढ्या लांब आलोय तर मरळच खाऊ. चिलापी काय, आमच्या कोथरूडातही मिळते." पुण्याहून येणारं प्रत्येक टेबल हेच म्हणतं, असं ऑर्डर घेणारा पोरगा नंतर म्हणाला. मी म्हटलं, भाऊजी, एकदा माझं ऐका, आणि सगळ्यांसाठी चिलापी सांगितली. त्यांचा चेहरा पडला, पण माझ्या गावाकडे आलेत म्हटल्यावर चुलीचा मान माझाच.

आता चिलापीचं. या थाळीतली ही खरी बाजी मारणारी गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर.

तळायचं काम मालकांची बायको आणि आई करतात, आणि तवा गिऱ्हाइकाला दिसेल असा पुढेच आहे. हे मला आवडतं. मासा अख्खा, डोक्यासकट, मध्यम आकाराचा. दोन्ही बाजूंना आडवे काप. आधी मीठ-हळद-लिंबू चोळून ठेवलेला, मग आलं-लसणाचं वाटण आणि सोलापुरी काळं तिखट, आणि तव्यावर टाकायच्या क्षणी वरून ज्वारीचं पीठ भुरभुरलेलं. रवा नाही, तांदळाचं पीठ नाही. ज्वारीच्या पिठाने कवच पातळ येतं आणि करपट खमंग लागतं. शेपूट आणि पर पापडासारखे कुरकुरीत झालेले. ते टाकून देणाऱ्या माणसाबरोबर मी जेवायला बसत नाही. आतलं मांस मात्र ओलसर, बोटाने उचललं की पाकळ्यांनी सुटतं. कटल्या-रोहूत मांसाच्या आत जे बारीक दुफाटे काटे असतात ते चिलापीत नसतात, त्यामुळे शेजारच्या टेबलावर चार वर्षांची मुलगी स्वतःच्या हाताने खात होती आणि आई निवांत फोन बघत होती.

माझ्या ताटातल्या माशाची शेपूट तळण्याआधी मी बघून आले होते. शेपटीवर उभ्या रेघा ओळीने होत्या, म्हणजे ही नाईलकडची चिलापी. १९५२ साली भारतात पहिल्यांदा आणली ती मोझांबिकची. नाईलची मागाहून आली, वाढते जास्त. दोन्ही मूळच्या आफ्रिकेच्या. ओळखायची आणखी एक खूण सांगते, बाजारात उपयोगी पडेल. बहुतेक माशांच्या अंगावरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक सलग बारीक रेघ जाते. चिलापीची ही रेघ पाठीकडून निघते, दोन-तृतीयांश अंगावर तुटते, आणि खाली सरकून पुन्हा नव्याने सुरू होते. अशी तुटकी रेघ आणि शेपटीवर त्या उभ्या रेघा, दोन्ही दिसल्या की चिलापी समजा.

रस्साही चोख. पातळ, तांबूस काळा, खोबरं बेताचं, शेंगदाण्याचा कूट थोडा आणि चिंच सढळ. ही चिंच हौसेची नाही. उजनीच्या माशाला उन्हाळ्याकडे झुकलं की चिखलाचा वास येतो. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तो ज्या जिओस्मिन नावाच्या रसायनामुळे, त्याच जिओस्मिनमुळे हाही. मातीत हवाहवासा, माशात नकोसा. पाण्यावर हिरवं शेवाळ धरलं की त्यातले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत मुरतं. आंबटाने ते मोडतं. म्हणून इथल्या बायका आधी लिंबू आणि नंतर चिंच वापरतात. त्यांना हे रसायनशास्त्राच्या पुस्तकातून कुणी सांगितलेलं नाही. ज्या खानावळीत रस्सा गोडसर, क्रीम घातल्यासारखा येईल तिथे मासा हुंगून मगच घास घ्या.

शेवाळ कुठून येतं हा प्रश्न नणंदेने विचारला आणि मला ती संधी सोडवेना. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, पवनेतून, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि भीमा ते उजनीत आणून थांबवते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं, जलपर्णी पोसते. पुणेकर शंभर किलोमीटर गाडी चालवून मासे खायला येतात, पण त्यांच्या घरचं पाणी त्यांच्याआधी इथे पोचलेलं असतं. नणंद म्हणाली, "वहिनी, जेवताना काय हे." पण तिने दुसरी चिलापी मागवली.

खरं तर चिलापीला असंच पाणी मानवतं. शेवाळ खाते, गाळ खाते, दुसऱ्या माशांची अंडीही सोडत नाही. पाण्यात प्राणवायू कमी झाला तरी तग धरते. नर तळाशी खड्डा करतो, मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते, धोका दिसला की पुन्हा आत. वर्षातून अनेकदा विते. दुसरीकडे आपल्या नदीचे मासे वाहत्या पाण्याचे, अनेकजण वर्षातून एकदा, पावसाळ्यात पूर आला की अंडी घालणारे. १९८० साली धरण पुरं झालं आणि वाहती भीमा इथे थांबली. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयोगी पाण्यापेक्षा न उपसायचं पाणीच जास्त. त्यामुळे पेपरात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते तेव्हाही माशाला डुंबायला भरपूर उरतं. उभं पाणी, शेवाळाचा रतीब आणि बारा महिने ओल. चिलापीला आणखी काय हवं.

मी स्वयंपाकघराच्या मागे जाऊन बर्फाचा खोका बघितला. ही माझी खोड आहे; नवरा लाजतो. थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात वरपासून तळापर्यंत चिलापी. एका कोपऱ्यात दोन मोठे कटले, एक सायप्रिनस (कॉमन कार्प). दुसऱ्या खोक्यात ओल्या गोणपाटाखाली तीन वाम, आणि त्यांच्यामध्ये एक घोगऱ्या, वीतभर, चपटं हाडाळ डोकं, तोंडाशी मिशा, आणि पाठीवर कट्यार उपसल्यासारखा ताठ काटा. मरळ बादलीत जिवंत, वरून जाळी टाकलेली, कारण ती हवेतला श्वास घेते आणि उडी मारून पळते.

हिशेब सरळ आहे. चिलापी आफ्रिकेची. सायप्रिनस परदेशातून आणलेला. कटला, रोहू, मृगळ उत्तरेकडचे, त्यांचं बी तलावात दरसाल सोडलं जातं. उभ्या पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. या सगळ्या खोक्यांत भीमेचे म्हणावेत असे तीन वाम, एक घोगऱ्या आणि बादलीतल्या दोन मरळी. फळ्यावर मात्र सगळ्यांच्या वर एकच मथळा : 'उजनीचे गावरान मासे'.

या घोगऱ्याची ओळख कागदावर जुनी आहे. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी १८२०च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरत होता, आणि इथल्या नद्यांतले मासे त्याने नोंदवले. १८३९ साली त्याने शास्त्रीय नावं दिली ती स्थानिक नावं ऐकूनच : गोग्रा, शिंगटी, कोलुस, नुक्ता. शास्त्रज्ञ आजही तीच वापरतात. त्यातला नुक्ता कृष्णा खोऱ्याबाहेर कुठे मिळत नाही, नाकावर शिंगासारखा उंचवटा असतो, आणि आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. मालकांच्या आईंना मी विचारलं, कोळशी (म्हणजे साइक्सचा कोलुस) येते का हो आता? त्या तव्यावरचा मासा उलटत म्हणाल्या, "येती की. दिवाळीला लेक येती तशी." मग स्वतःच हसल्या. त्यांच्या माहेरी नदीत वाहतं पाणी होतं तेव्हा कोळशीचं कालवण पाव्हण्यारावळ्यांना नव्हे, घरच्यांनाच असायचं, असंही म्हणाल्या.

म्हणून माझं म्हणणं आहे की मरळ आणि वाम 'स्पेशल' म्हणून मागवू नका. चवीला वाईट नाहीत. वाम तर फार चांगली. कातडी काढून, जाड तुकडे करून सुकं केलं तर माझ्या माहेरी भांडणं व्हायची. पण पैसे जास्त मोजले की आपण चांगलं खाल्लं, ही समजूत त्या बादलीतल्या माशांच्या जिवावर उठते. मरळीचं तर आणखी एक आहे. नर-मादी दोघं मिळून पिल्लांची राखण करतात. पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्यावर येतो आणि खाली आईबाप असतात. पुंजका दिसला की गळ टाकून आईबाप उचलणं सोपं, आणि ते उचलले की पुंजका इतर माशांच्या घशात. जून ते ऑगस्ट या काळात मरळ-वाम मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तरी खवय्या म्हणणार नाही. बोटभर कटला तळून दिला तरी तो परत पाठवा. बारीक आसाच्या जाळ्यात सापडलेलं ते पिल्लू आहे, दीड वर्षात दोन किलोचं झालं असतं.

उलट चिलापी मनसोक्त खा. कुणी म्हणेल, मग खाऊनच संपवू या की. तसं होत नाही. जास्त पकडली की ती आणखी लहान वयात अंडी घालायला लागते, एवढाच फरक पडतो. शिवाय मागणी वाढली तर कुणीतरी आणखी तळ्यांत सोडेल. आणि भिगवणच्या मासळी बाजारात लिलावाला जे ढीग लागतात त्यात चिलापी नसेल तर अर्ध्या काठाच्या चुली विझतील, हेही मला माहीत आहे; माझे मामेभाऊ त्यावरच जगतात. ती जाणार नाही. पण तुमच्या ताटात ती असली तर घोगऱ्या नसतो, एवढं तरी तुमच्या हातात आहे.

महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमासा म्हणून पापलेट निवडलं. चांगलंच आहे, समुद्राचा मान मोठा. गोड्या पाण्याच्या वाट्याला मात्र सरकारी बीजकेंद्रच येतं. आणि बीजकेंद्रांचीही एक गंमत ऐका. साइक्सनेच पुण्याजवळच्या मुळा-मुठेत पकडून नाव दिलेली आपली महाशीर, हिची पिल्लं लोणावळ्याच्या वळवण धरणाजवळ टाटांच्या केंद्रात तयार करून देशभर वाटली गेली. हेतू चांगला होता. त्यातली काही कावेरीत सोडली. तिथे केशरी परांची, पाठीला कुबड असलेली त्यांची स्वतःची महाशीर होती, माणसाएवढी वाढणारी. आमची तिथे इतकी माजली की त्यांची कोपऱ्यात गेली. २०१८ साली ती अतिधोक्यातल्यांच्या यादीत आली. म्हणजे चिलापीने आपल्याशी जे केलं ते आपण कावेरीशी केलं. नणंदेच्या मिस्टरांना हे पटेना, ते गूगल करायला लागले. रस्सा थंड झाला, त्याचं दुःख मला जास्त.

आता तक्रार. बिल द्यायच्या काउंटरवर काचेची टाकी आहे. निळा दिवा, प्लास्टिकचं रोपटं, बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा. आत चार गोल्डफिश आणि काचेला तोंड लावून चिकटलेला एक काळपट, ठिपक्यांचा सकर मासा. मालकांचा मुलगा, बी.कॉम.ला आहे, कौतुकाने म्हणाला, "मॅडम, हा काच साफ ठेवतो. आधीचा एक होता, तो हातभर झाला. मग टाकीत मावेना."

"मग काय केलंत?"

"सोडला की धरणात. मारायचा कशाला बिचाऱ्याला."

पोरगा चांगला आहे, भूतदयेने केलं त्याने. आणि नेमकं हेच जास्त महागात पडतं. हा मासा दक्षिण अमेरिकेचा. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत, परांना राठ काटे. पाण्यातला प्राणवायू संपला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. बाहेर काढून टाकला तरी तासन्‌तास मरत नाही. काठाच्या मातीत बिळं करतो, नर त्यात अंड्यांवर बसतो, आणि काठ ढासळतो. खाणारा कुणी नाही, कारण बगळ्याच्या घशात तो अडकतो आणि माणसाला चिलखत फोडून मिळतं ते मूठभर मांस. जाळ्यात आला की काटे असे गुंततात की मासा सोडवायचा तर जाळं कापावं लागतं. मासे घेऊन आलेले दोन मच्छीमार तिथेच चहा पीत होते. मी त्यांना टाकीकडे बोट दाखवून विचारलं, हा ओळखता का? त्यातल्या एकाने जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही. त्याच्या होडीतल्या जाळ्याला तळहाताएवढी भोकं होती, आणि नवं जाळं पदरचे पैसे घालूनच घ्यावं लागतं.

मी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, दादा, ज्यांच्याकडून तुम्ही मासे घेता त्यांचंच जाळं तुमच्या टाकीतला मासा फाडतोय. ते म्हणाले, "मॅडम, एकानं काय होतंय?" एकाने काहीच होत नाही. पण पुण्यापासून इथपर्यंत किती घरांत, किती हॉटेलांत अशा टाक्या आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं की आपला तर एकच. उजनीत सकर मासा कुणी सरकारी योजना म्हणून आणलेला नाही. तो असाच बादलीतून, दया म्हणून आला.

टाकीवाल्यांसाठी एकदाच लिहिते : मोठा झालेला सकर मासा, कासव, गप्पी, काहीही, नदीत-विहिरीत-तलावात सोडायचं नाही. गणपती विसर्जनाच्या हौदातही नाही. दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्याला द्या. कुणीच घेत नसेल तर पाण्यात लवंगेचं तेल घालून त्याला गुंगीत ठेवूनच संपवा. माळकरी घरातली सून असं लिहितेय म्हणून नाक मुरडू नका. एक मारण्यात जेवढं पाप आहे त्याहून सोडण्यात जास्त आहे.

याच जागेच्या श्रेयाची एक गोष्टही सांगायला हवी. इथे मांगूर ठेवत नाहीत. पट्ट्यात काही ठिकाणी स्वस्तात, काट्याविना म्हणून तळून देतात आणि नाव भलतंच सांगतात. आफ्रिकन मांगूरवर आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे; कोंबडीच्या दुकानातलं कुजकं मांस खाऊन तो वाढतो, आणि पुरात तळ्यातून निसटला की नदीतलं काहीही शिल्लक ठेवत नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "ते नको. एकदा फौजदारी झाली शेजाऱ्याची." कारण काहीही असो, गुण दिले.

बाकी बारीकसारीक. भाकरी मालदांडी ज्वारीची, हाताने थापलेली, फुगून आलेली, मागाल तितकी. बाजरीचीही मिळते, थंडीत तीच घ्या. झिंग्याची चटणी वेगळी मागावी लागते, फळ्यावर लिहिलेली नाही, आणि ती न घेता उठलात तर तुमचं नुकसान. ठेचा जहाल. सोलकढी म्हणून येतं ते पुडीचं गुलाबी पाणी आहे. कोकणातली माणसं रडतील. ताक नाहीतर लिंबू-पाणी सांगा. मरळ थाळी शेजारच्या टेबलावर गेली तेव्हा भाऊजींनी बघितली, आणि मग स्वतःच्या ताटातली चिलापीची शेपूट चावत म्हणाले की पाचशे रुपयांत हे दोनदा झालं. मी काही बोलले नाही.

रोहित बघायला येणाऱ्यांना एक सुचवते. होडीवाल्यांतले बरेच जण मूळ मच्छीमारच आहेत, पक्ष्यांमुळे हिवाळ्याचे चार पैसे सुटतात. परतताना त्यांना पक्ष्यांऐवजी माशांबद्दल विचारा. आजवर दुर्बीण घेऊन कुणी त्यांना घोगऱ्या कुठे मिळतो असं विचारलेलं नाही. आमच्या होडीवाल्या मामांनी अर्धा तास होडी थांबवून सांगितलं, जादा पैसे घेतले नाहीत.

जायचं तर रविवारी एकच्या आत पोचा. दोननंतर मध्यम चिलापी संपते आणि मोठी येते, ती आतून तेवढी शिजत नाही. ऑर्डर देताना डोकं रश्श्यात वेगळं टाकायला सांगा, मागितल्याशिवाय देत नाहीत. यूपीआय चालतं, पण रेंज गेली की सगळे काउंटरशी उभे राहतात, तेव्हा खिशात रोख असू द्या. टाकीकडे बघून मुलाला दोन शब्द सुनवायचे असतील तर बिल झाल्यावर सुनवा, आधी नको. भाकरी त्याच्या आजीच्या हातची आहे.